यू-५७० : साडेतीन महिने जर्मन, अडीच वर्षे ब्रिटिश

अनुलोम

२७ ऑगस्ट १९४१ च्या सकाळी आइसलंडच्या दक्षिणेस सुमारे ८० मैलांवर एक जर्मन पाणबुडी पाण्यावर आली, तेव्हा नेमके तिच्या माथ्यावर ब्रिटिश हवाई दलाचे हडसन विमान गस्त घालत होते. कप्तान मनोऱ्यावर चढला, त्याला विमानाची घरघर ऐकू आली आणि त्याने तत्काळ बुडी मारण्याचा हुकूम दिला. परंतु साडेसातशे टनांहून जड असलेले ते धूड पाण्याखाली जायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला मिळाला नाही. पाणबुडी अर्धीमुर्धी बुडालेली असतानाच स्क्वाड्रन लीडर जेम्स थॉम्प्सन यांनी प्रत्येकी अडीचशे पौंडांचे चार डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बाँब, तिच्या वाटेवर टाकले आणि त्यांतला एक तिच्या अगदी जवळ फुटला. त्याआधी त्याच तुकडीच्या दुसऱ्या एका हडसनने तिच्यावर हल्ला केला होता, पण त्याची स्फोटके सोडणारी यंत्रणा ऐन वेळी अडकली. म्हणजे तिला एकदा जीवदान मिळाले होते. ते तिला ओळखता आले नाही.

ही पाणबुडी म्हणजे यू-५७०. जर्मन नौदलाने सर्वाधिक संख्येने बांधलेल्या सातव्या वर्गाच्या ‘सी’ प्रकारातली ती होती : लांबी ६७ मीटर, पुढे चार आणि मागे एक अशा पाणतीर सोडणाऱ्या पाच नळ्या, एकूण १४ पाणतीर, आणि डेकवर ८८ मिलिमीटरची तोफ. हाम्बुर्गच्या ब्लोम उंड फोस गोदीत ती बांधली गेली, २० मार्च १९४१ रोजी पाण्यात उतरली आणि १५ मे १९४१ रोजी नौदलात दाखल झाली. काप्टिनलॉयटनंट हान्स-योआखिम राम्लो हा तिचा कप्तान. पाणबुडीवरून युद्धफेरी करण्याचा अनुभव त्याला स्वतःला नव्हता आणि त्याच्या हाताखालच्या बहुतेकांचीही ती पहिलीच फेरी होती. १९४१ च्या त्या उन्हाळ्यात जर्मन गोद्या पाणबुड्या ज्या वेगाने बाहेर काढत होत्या त्या वेगाने माणसे तयार होत नव्हती, आणि ही एक गोष्ट ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही, असे माझे मत आहे.

नॉर्वेतील ट्रॉन्हाइमहून ती २४ ऑगस्टच्या सुमारास निघाली. आइसलंडच्या दक्षिणेस गस्त घालायची आणि मग फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ला पालिस येथे जायचे, असा बेत होता. उत्तर अटलांटिकच्या लाटांनी नवख्या खलाशांना इतके हैराण केले की त्यांना थोडा आराम मिळावा म्हणून राम्लोने पाणबुडी पाण्याखाली नेली. खाली गेल्यावर हेलकावे थांबतात, हा पाणबुडीचा एकमेव सुखद गुण म्हणावा लागेल. त्या विश्रांतीनंतर ती वर आली ती थेट हडसनच्या खाली.

स्फोटाने पाणबुडी जवळजवळ आडवी झाली. वीज गेली, मोजमापाच्या यंत्रांच्या काचा फुटल्या, ठिकठिकाणी पाणी आत येऊ लागले आणि हवेत एक उग्र दर्प पसरला. विजेऱ्यांतल्या आम्लात समुद्राचे पाणी मिसळून क्लोरीन वायू तयार होत आहे, अशी समजूत होऊन इंजिनघरातली माणसे ती जागा सोडून पुढच्या भागाकडे पळाली. पंप चालवण्यापुरती वीज परत आणणे फारसे अवघड नव्हते, पण त्यासाठी कोणीतरी अंधारात त्या दर्पात थांबायला हवे होते आणि तसे कोणी थांबले नाही. काही खलाशी डेकवर आले, ते तोफेकडे धावतील या शंकेने थॉम्प्सन यांच्या विमानाने त्यांच्यावर मशीनगन चालवली, आणि मग मनोऱ्यावर एक पांढरा सदरा फडकताना दिसला. तो कप्तानाचाच होता, असे सांगितले जाते.

इथे एक गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे. शरण जाण्यापूर्वी राम्लोच्या माणसांनी आपण बुडी मारू शकत नाही व आपल्यावर हल्ला होत आहे, असा संदेश जर्मन मुख्यालयाला पाठवला. त्यानंतर बिनतारी यंत्र फोडले, एनिग्मा हे संकेतयंत्र मोडून त्याचे तुकडे समुद्रात फेकले आणि सांकेतिक पुस्तकेही त्यांच्या मागोमाग गेली. पाणबुडीच्या पोटात ज्या वस्तूला सर्वांत अधिक मोल होते ती वस्तू ब्रिटिशांच्या हाती लागली नाही. पुढे जे आरोप राम्लोवर झाले त्यांच्या गदारोळात ही नोंद बहुतेक वेळा गळून पडते.

तो संदेश मिळाल्यावर जर्मन पाणबुडी दलाचे प्रमुख अॅडमिरल डोनिट्स यांनी त्या भागातील पाणबुड्यांना मदतीला जाण्यास सांगितले, यू-८२ निघालीही, पण विमानांच्या पहाऱ्यामुळे तिला जवळ येता आले नाही. हडसनचे इंधन संपत आल्यावर कॅटलिना जातीच्या उडत्या बोटीने पहारा उचलला. रात्री अकराच्या सुमारास ‘नॉर्दर्न चीफ’ हे शस्त्रसज्ज ट्रॉलर (मूळचे मासेमारी जहाज) येऊन पोचले आणि उजाडेपर्यंत आणखी काही ट्रॉलर, ‘बरवेल’ ही ब्रिटिश विनाशिका आणि ‘नायगरा’ ही कॅनेडियन विनाशिका अशी बरीच जहाजे तिच्याभोवती गोळा झाली. २८ तारखेची सकाळ गोंधळातच गेली. नॉर्वेजियन तुकडीचे एक लहान विमान, पाणबुडी शरण आल्याची काहीच कल्पना नसल्यामुळे, येऊन तिच्यावर बाँब टाकून गेले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वारा वाढत होता आणि ओढण्याचा दोर बांधण्याचे प्रयत्न एकामागून एक फसत होते. शेवटी ‘किंग्स्टन अॅगेट’ या ट्रॉलरवरचा एक अधिकारी आणि तीन खलाशी तराफ्यावरून, लाटांचा मार खात, पाणबुडीपर्यंत गेले. त्यांनी आत शिरून एनिग्मासाठी घाईघाईने शोध घेतला, तो निष्फळ ठरला, आणि मग त्यांनी दोर बांधला. २९ ऑगस्टच्या पहाटे आइसलंडच्या थॉरलाक्सहॉफ्न येथे तिला किनाऱ्यावर चढवण्यात आले. एकही माणूस मेला नव्हता.

ब्रिटिशांनी आत जाऊन नीट पाहणी केली तेव्हा नुकसान मामुली निघाले. काही टाक्या गळत होत्या, काही विजेऱ्या तडकल्या होत्या, आणि क्लोरीनचा मागमूसही नव्हता. डागडुजी करून ती बॅरो-इन-फर्नेस येथे नेण्यात आली आणि ‘एचएमएस ग्राफ’ या नावाने, पी-७१५ या क्रमांकाने, ब्रिटिश नौदलात दाखल झाली. दोन्ही बाजूंकडून प्रत्यक्ष युद्धफेरीवर गेलेली जर्मन पाणबुडी ही एकच. तिच्यावर झालेल्या चाचण्यांतून ही जात आपल्या अंदाजापेक्षा बरीच खोल जाऊ शकते हे ब्रिटिशांना कळले, आणि त्याप्रमाणे डेप्थ चार्ज अधिक खोलीवर फुटतील अशी तजवीज झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये तिने बिस्केच्या उपसागरात दुसऱ्या एका जर्मन पाणबुडीवर चार पाणतीर सोडले. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर तिला निवृत्त करण्यात आले, आणि मोडीत काढण्यासाठी ओढून नेली जात असताना वादळात दोर तुटून ती स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटाच्या खडकांवर जाऊन आदळली. ती तारीख होती २० मार्च १९४४. बरोबर तीन वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, ती पाण्यात उतरली होती.

राम्लोला त्याच्याच देशबांधवांनी भेकड ठरवले. मला तो न्याय पटत नाही आणि त्यावरच इथल्या जाणकारांचे मत हवे आहे.

नाखवा

धागा आवडला. क्लोरीनच्या मुद्द्यावर थोडे लिहितो, कारण मी व्यापारी जहाजांवर विद्युत अधिकारी म्हणून आयुष्याची तेवीस वर्षे काढली आहेत आणि विजेऱ्यांशी माझा रोजचा संबंध होता.

त्या काळच्या पाणबुडीत शिशाच्या विजेऱ्यांचे दोन मोठे संच फळ्यांच्या खाली, म्हणजे माणसे जेथे झोपतात आणि जेवतात त्याच्याच खाली, बसवलेले असत. समुद्राचे पाणी त्यांत शिरले तर पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन सुटतो आणि बंद जागेत तो माणसाला गुदमरवून मारतो. ही भीती काल्पनिक नव्हे. प्रत्येक पाणबुडीवाल्याला ती पहिल्या दिवसापासून शिकवलेली असते. परंतु विजेरी तडकली की नुसत्या आम्लाचाही घसा धरणारा वास येतो, आणि नवख्या माणसाला या दोहोंतला फरक पहिल्या झटक्यात कळणे कठीण असते. मला स्वतःला तो कळायला काही वर्षे लागली.

जहाजावरची वीज संपूर्ण जाण्याचा प्रसंग माझ्यावर दोनदा आला. दिवे जातात त्याहीपेक्षा पंखे थांबतात ते अधिक जाणवते. एरवी चोवीस तास कानांत असलेला आवाज बंद होतो आणि तळाशी साचलेले पाणी या कडेकडून त्या कडेला जाताना ऐकू यायला लागते. आम्ही पाण्याच्या वर होतो, दिवस होता, वरून कोणी स्फोटके टाकत नव्हते, आणि तरीही आमच्यातला एक तरुण शिडीकडे धावला होता. त्याला मी तेव्हा रागावलो होतो. नंतर त्याच मुलाने उत्तम काम केले. त्यामुळे इंजिनघरातून पळालेल्या त्या माणसांना भेकड म्हणणे मला जमणार नाही. त्यांना तेथे थांबायला शिकवायला हवे होते, आणि शिकवायला वेळ दिला गेला नाही.

तळकोकणी

अनुलोमजी, माहिती उत्तम आहे, पण आपला कल राम्लोच्या बाजूने जरा अधिक झुकला आहे असे मला वाटते.

एनिग्मा फेकून दिले हे मान्य. परंतु कप्तानाची जबाबदारी तेथे संपत नाही. शत्रूच्या हाती पाणबुडी पडू द्यायची नाही, हा पाणबुडी दलाचा पहिला नियम होता आणि त्याचे कारण आपणच लिहिले आहे : तिच्या पोलादी कवचाची ताकद, तिची खोल जाण्याची क्षमता, तिचे आवाज टिपणारे यंत्र, हे सारे ब्रिटिशांना मोजून पाहता आले. डेप्थ चार्ज अधिक खोलीवर फुटू लागले, त्याची किंमत पुढे त्याच जातीच्या शेकडो पाणबुड्यांमधल्या खलाशांनी मोजली. जर्मन पाणबुडी दलात गेलेल्या सुमारे ४०,००० माणसांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास परत आली नाहीत. त्यांतल्या किती जणांचा मृत्यू या एका शरणागतीशी जोडायचा हे कोणी सांगू शकणार नाही, पण काहीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरे असे, की नुकसान मामुली होते असे आपणच म्हणता. मग अनुभवी कप्तान असता तर त्याने वीज परत आणून रात्रीच्या अंधारात निसटण्याचा प्रयत्न केला असता. राम्लोने पहिल्या काही मिनिटांतच सदरा फडकवला. याला घाबरणे नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

सावित्रीकाठ

एक प्रश्न. विमान काही पाणबुडीवर उतरू शकत नाही. पहिले जहाज येईपर्यंत जवळजवळ बारा तास गेले. एवढ्या वेळात झडपा उघडून पाणबुडी बुडवणे त्यांना का शक्य झाले नाही? मला हे खरोखर समजलेले नाही.

अनुलोम

सावित्रीकाठ, आपला प्रश्न अगदी मर्मावर आहे.

झडपा उघडणे शक्य होते. पण पाणबुडी बुडाली की तिच्यावरची चाळीसहून अधिक माणसे उत्तर अटलांटिकच्या थंडगार, उसळत्या पाण्यात पडणार होती आणि त्यांना बाहेर काढायला त्या वेळी आसपास एकही जहाज नव्हते. विमान माणसांना मारू शकते, उचलून घेऊ शकत नाही. आइसलंडजवळच्या त्या पाण्यात माणूस फार वेळ तग धरत नाही. म्हणजे जहाज येईपर्यंत पाणबुडी बुडवणे हा सामूहिक मृत्यूचाच निर्णय ठरला असता. आणि जहाज आले तेव्हा ‘नॉर्दर्न चीफ’ने बजावले, की पाणबुडी बुडवण्याचा प्रयत्न केलात तर गोळीबार करू आणि पाण्यात पडलेल्यांना उचलणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जर्मन दिव्यांच्या खुणांनी पुन्हापुन्हा विनवत होते की पाणबुडी तरत नाही, आम्हाला घ्या. आणि ब्रिटिश उत्तर देत होते की आधी ती तरती ठेवा. चाळीस माणसांचे प्राण त्या पोलादी नळकांड्याशी असे बांधून ठेवण्यात आले होते.

तळकोकणी, आपल्या आक्षेपातला पहिला अर्धा भाग मी मान्य करतो. पाणबुडी हाती लागल्याने ब्रिटिशांचा मोठा लाभ झाला, यात शंका नाही. पण ‘घाबरला’ या शब्दावर मात्र मला दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली यू-११० ची. ९ मे १९४१ रोजी, म्हणजे यू-५७० नौदलात दाखल होण्याच्या आठवडाभर आधी, फ्रिट्झ-युलियस लेम्प या नामांकित कप्तानाची ही पाणबुडी डेप्थ चार्जच्या माऱ्याने वर आली. ती आता बुडणारच अशा समजुतीने सर्वांनी तिच्यातून बाहेर उड्या टाकल्या. ती बुडाली नाही. ‘बुलडॉग’ या विनाशिकेवरून सब-लेफ्टनंट डेव्हिड बाम आपली तुकडी घेऊन तिच्यात उतरले आणि त्यांनी एनिग्मा यंत्र व सांकेतिक कागदपत्रे जशीच्या तशी बाहेर काढली. लेम्पचा त्याच दिवशी मृत्यू झाला, पाणबुडी दुसऱ्या दिवशी ओढून नेताना बुडाली, आणि ब्रिटिशांनी हे सारे इतके गुप्त ठेवले की जर्मनांना पत्ताही लागला नाही. लेम्पचे नाव त्यामुळे अबाधित राहिले. ज्याने एनिग्मा नष्ट केले त्याला भेकड म्हटले गेले. ज्याच्या पाणबुडीतून ते गेले त्याला कोणी काही म्हटले नाही. मी लेम्पला दोष देत नाही. युद्धातली अब्रू कोणाला काय ठाऊक आहे यावर किती अवलंबून असते, एवढेच दाखवायचे आहे.

दुसरी घटना यू-९९ ची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे, कारण तिचा कप्तान ओटो क्रेट्शमर हाच पुढे युद्धकैद्यांच्या छावणीत राम्लोच्या अधिकाऱ्यांचा न्यायाधीश झाला. १७ मार्च १९४१ रोजी ‘वॉकर’ या विनाशिकेने यू-९९ ला वर येण्यास भाग पाडले. क्रेट्शमरने लढत राहण्याचा हट्ट धरला नाही. दिव्याच्या खुणेने कळवले की आम्ही बुडत आहोत, माझी माणसे वाचवा. ब्रिटिशांनी चाळीस जणांना उचलले. फरक एवढाच की पाणबुडी खात्रीने बुडावी म्हणून तिचा मुख्य अभियंता पुन्हा खाली गेला आणि तो वर आला नाही. म्हणजे शरण जाणे हा गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो पाणबुडी तरंगत राहण्याचा. हा फरक खरा आहे, मोठाही आहे. पण त्याला धैर्य आणि भेकडपणा ही नावे देताना ‘वॉकर’ जवळच उभी होती आणि यू-५७० च्या आसपास एका विमानाखेरीज कोणी नव्हते, हेही मोजायला हवे.

नाखवा

यू-९९ च्या अभियंत्याचा उल्लेख केलात ते फार बरे झाले. आमच्या व्यवसायातल्या माणसाला तेथे थांबल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

पश्चिमवारा

एक दुरुस्ती सुचवतो. बिस्केच्या उपसागरातील २१ ऑक्टोबर १९४२ च्या चकमकीत ‘ग्राफ’ने यू-३३३ बुडवली असे मी पूर्वी वाचले होते. मूळ लेखात बुडवल्याचा उल्लेख नाही. ते जाणीवपूर्वक आहे का?

अनुलोम

होय, जाणीवपूर्वक आहे. लेफ्टनंट पीटर मॅरियट यांनी चार पाणतीर सोडले, स्फोटांचे आवाज ऐकू आले आणि पाणबुडी बुडाली असे त्या वेळी धरले गेले. युद्धानंतर जर्मन नोंदी पाहिल्यावर उघड झाले की चारही पाणतीर चुकले होते. यू-३३३ आधीच ‘क्रोकस’ या ब्रिटिश जहाजाशी झालेल्या झुंजीत जबर जखमी झाली होती आणि फ्रान्सकडे परतत होती. ती सुखरूप बंदरात पोचली आणि पुढे जुलै १९४४ पर्यंत तरली. त्याच हिवाळ्यात नॉर्वेच्या समुद्रात ‘ग्राफ’ने दोन जर्मन विनाशिकांवरही पाणतीर सोडले, तेही चुकले. म्हणजे आपल्या उभ्या आयुष्यात, दोन्ही निशाणांखाली मिळून, या पाणबुडीने एकही जहाज बुडवले नाही.

तळकोकणी

यू-९९ ची तुलना विचार करायला लावणारी आहे. माझे मत पूर्ण बदलले नाही, पण ‘घाबरणे’ हा शब्द मी मागे घेतो. त्याऐवजी असे म्हणेन की राम्लोने माणसे वाचवण्याचा निर्णय घेतला आणि त्याची किंमत दुसऱ्यांवर पडली. तो निर्णय घेताना त्याला ती किंमत दिसत होती का, हा प्रश्न माझ्या मनात राहतो.

छावणीतल्या त्या न्यायनिवाड्याविषयी सविस्तर लिहाल का? तो प्रसंग या कथेचाच भाग आहे.

अनुलोम

लिहितो. तो भाग मूळ लेखात मी टाळला होता, कारण दोन ओळींत उरकण्यासारखा तो नाही.

इंग्लंडच्या वायव्येला, सरोवरांच्या प्रदेशात, ग्राइझडेल हॉल नावाचा एक मोठा वाडा होता. तेथे जर्मन अधिकारी युद्धकैदी म्हणून ठेवलेले होते आणि त्यांच्यातला ज्येष्ठ अधिकारी क्रेट्शमर होता. यू-५७० चे कनिष्ठ अधिकारी तेथे आणले गेले तेव्हा क्रेट्शमरच्या पुढाकाराने एक ‘अब्रूचे पंचमंडळ’ बसले. राम्लो त्या वेळी तेथे नव्हता. पंचांनी दोघा तरुण अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवले, आणि राम्लो व त्याच्या खालोखालचा अधिकारी बेर्नहार्ड बेर्न्ट या दोघांना भेकडपणाबद्दल दोषी धरले. कप्तान शरण जात असताना त्याला बाजूला सारून पाणबुडी बुडवणे हे बेर्न्टचे कर्तव्य होते, असा त्यांचा युक्तिवाद.

यू-५७० तेव्हा बॅरोच्या गोदीत उभी होती आणि बॅरो तेथून फार दूर नव्हते. डाग धुऊन काढायची संधी बेर्न्टला देण्यात आली, किंवा त्याने ती मागून घेतली : छावणीतून निसटायचे, गोदीत शिरायचे आणि पाणबुडी बुडवायची. ऑक्टोबर १९४१ मध्ये तो खरोखरच निसटला. एका दिवसातच होमगार्डच्या माणसांनी त्याला गाठले, आणि तो पळू लागताच त्यांनी गोळी झाडली. तो वाचला नाही. राम्लो पुढे त्या छावणीत आला तेव्हा त्याच्या जिवाला धोका आहे हे ओळखून ब्रिटिशांनी त्याला हवाई दलाच्या कैद्यांच्या छावणीत हलवले. तो युद्धातून जिवंत वाचला.

नाखवा, तळकोकणी, या धाग्यावर आपण इतका वेळ डेप्थ चार्ज आणि पाणतीर यांविषयी बोलत आहोत. समुद्रात ज्या पाणबुडीवर एकही माणूस दगावला नाही, तिच्या माणसांपैकी जो गेला तो जमिनीवर, आपल्याच सहकाऱ्यांनी दिलेला ठपका पुसायला निघालेला असताना गेला.

सावित्रीकाठ

बेर्न्ट बॅरोपर्यंत पोचला असता तरी त्याला काही करता आले असते का? गोदीत पहारा असणारच.

अनुलोम

मला तसे वाटत नाही. युद्धकाळातली गोदी, तीत उभी असलेली ब्रिटिशांच्या दृष्टीने अनमोल अशी पकडलेली पाणबुडी, आणि इंग्रजांच्या मुलखात एकटा, पायी निघालेला माणूस. ज्या दिवशी त्याला गोळी लागली त्या दिवशी तिच्यावर ब्रिटिश निशाण चढलेलेही होते.